चूलबंद वाढदिवस

गेल्या वर्षी आमच्या लेकीला युनिकॉर्नचा वाढदिवस हवा होता. वाढदिवस तिचाच, पण केकवर युनिकॉर्न, भिंतीवर युनिकॉर्न, मैत्रिणींच्या डोक्याला युनिकॉर्नचं शिंग, असा एकूण बेत. आम्ही राहतो त्या सावेडीत हे सगळं तयार मिळतं. दुकानात जायचं, बोट दाखवायचं आणि पिशवी भरून आणायची. पण मला तो चकचकीत प्लास्टिकचा पसारा घरात नको होता आणि विकतच्या केकवरचं ते मेणचट क्रीम तर माझ्या घशाखाली उतरत नाही. मी जाहीर करून टाकलं, यंदा सगळं घरी करायचं. असं काहीतरी जाहीर करायची मला खोडच आहे. मग निस्तरताना मी घरभर चिडचिड करत फिरते आणि नवरा कामाचं निमित्त काढून बाहेर पडतो.

घरात आम्ही चौघं. मी, नवरा, तिसरीतली लेक आणि आबा. आबा म्हणजे माझे सासरे. राहुरीच्या पलीकडे, मुळा नदीच्या कालव्यालगत आमचं गाव आहे. सासूबाई गेल्यावर आबा तिथं एकटेच राहत होते. फोन केला की "जेवलो, जेवलो" म्हणायचे. एकदा नवरा न कळवता गावी गेला, तर स्वयंपाकघरातल्या शेगडीवर धुळीचा थर आणि डब्यात नुसते चुरमुरे-शेंगदाणे. चहासुद्धा ते स्टँडवर जाऊन प्यायचे. नवऱ्यानं विचारलं, "आबा, काही करून का खात नाही?" तर म्हणाले, "एकट्याची कसली चूल?" नवऱ्यानं त्याच दिवशी त्यांना गाडीत बसवून सावेडीला आणलं.

आणलं खरं, पण ते राहायला आलेच नव्हते. मी कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला, त्यात त्यांनी फक्त टोपी ठेवली. बाकीचे कपडे त्यांच्या कापडी पिशवीत आणि पिशवी दाराआडच्या खिळ्याला. धुतलेलं धोतर वाळलं की घडी करून पुन्हा पिशवीत जायचं. पोरीचा वाढदिवस झाला की गावाला जातो, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. तिकडे जाऊन हा माणूस पुन्हा चुरमुरे खात बसणार, हे आम्हा नवरा-बायकोला कळत होतं.

नवरा समजावून थकला. एकदा जेवताना जरा आवाज चढवून म्हणाला, "आबा, इथं काय कमी आहे तुम्हाला?"

"कमी कायबी न्हाई," आबा म्हणाले. "पन हितं मला कोन वळखतं? लिफ्टमदी मानसं मोबाईलकडं बघत्यात. उंद्या मी गेलो तर खांद्याला चार मानसं कुठनं आननार तू? का तीबी फोनवरनं मागवनार?"

नवरा ताटात बघून भात कालवायला लागला. लेक मात्र हसली, कारण तिला वाटलं आबा गंमत करताहेत. मी आमटी वाढायच्या निमित्तानं उठले.

तर वाढदिवस. लेकीनं आबांना मोबाईलवर चित्र दाखवलं.

"घोडा दिसतोय," आबा म्हणाले. "ह्याला शिंग कुठनं आलं?"

"आबा, हा युनिकॉर्न आहे. त्याला एकच शिंग असतं."

"एकच? दुसरं मोडलं व्हय?"

तिनं बराच वेळ समजावून सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं त्यांना जेवढं पटलं तेवढं ठेवलं. शिंग आहे, म्हणजे बेगड आली. मान आहे, म्हणजे गोंडे आले. पाठ आहे, म्हणजे झूल आली. आबांनी आयुष्यभर बैल सांभाळले, दर पोळ्याला शिंगं रंगवली, त्यांवर चमचमती बेगड चिकटवली, गळ्यात गोंडे बांधले. ट्रॅक्टर आल्यावर बैल गेले, पण हात तसेच राहिले होते. नुकताच झालेला पोळा त्यांना सावेडीत मातीच्या बैलजोडीवर भागवावा लागला होता आणि त्या दिवशी ते नीट जेवलेही नव्हते. आता नातीनं एकशिंगी जनावर पुढ्यात आणून उभं केल्यावर माणूस एकदम ताजातवाना झाला.

समोरच्या फ्लॅटमध्ये नवा फ्रिज आला होता, त्याचं खोकं लेकीनं मागून आणलं. आबांनी ते हॉलमध्ये आडवं पसरलं आणि खडूनं जनावर काढायला घेतलं. तिचा आखूड झालेला लाल स्वेटर दोघांनी मिळून उसवला. तळहाताला लोकर गुंडाळायची, मधे घट्ट गाठ मारायची, कडेनं कात्री चालवायची आणि फणीनं विंचरायचं, की झाला गोंडा. लेकीचा तळवा एवढासा, म्हणून तिचे गोंडेही एवढेसेच. आबा म्हणायचे, "हे वासराला व्हतील." घरात सगळीकडे लाल लोकर झाली. चहाच्या कपात लोकर, माझ्या साडीला लोकर, आणि एकदा तर भाकरीतही निघाली.

बेगड चिकटवायला डिंकाची बाटली आणली होती, पण ती आबांना पटेना. "खळच पायजे," म्हणाले. मी ऑफिसातून घरी आले तर गॅसवर पातेल्यात पांढरीशुभ्र खळ रटरटत होती आणि माझा केकसाठी चाळून ठेवलेला मैद्याचा डबा रिकामा.

"आबा, अहो तो केकचा मैदा होता!"

"मंग? लई झ्याक चिकाटतोय," आबा म्हणाले.

मी चिडले. चिडून काही उपयोग नव्हता, कारण आजोबा-नात दोघंही कोपरापर्यंत खळीत बुडालेले होते आणि दोघांच्याही तोंडावर मी उगीच मधे आले असाच भाव होता. मी पुन्हा खाली जाऊन मैदा आणला आणि डबा सुतळीनं बांधून ठेवला.

दोन-तीन संध्याकाळी खपून युनिकॉर्न उभा राहिला. शिंग सोनेरी होतं, गळ्यात गोंड्यांची माळ होती, कपाळाला बाशिंग आणि पाठीवर माझ्या जुन्या साडीच्या काठाची झूल होती. सगळं छान होतं, फक्त खांद्यावर भलंमोठं वशिंड होतं.

"आबा," मी म्हणाले, "घोड्याला वशिंड नसतं."

"वशिंडाबिगर जनावर कसं दिसंल?" आबा म्हणाले आणि त्यांनी वशिंडावरही एक गोंडा लावला.

लेकीचा चेहरा पडला. मैत्रिणी हसतील, म्हणाली. थोडा वेळ खोलीत जाऊन बसली. मग बाहेर आली, जनावराभोवती एक फेरी मारली, आबांच्या खळीनं पांढऱ्या झालेल्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाली, "हा आपल्याकडचा युनिकॉर्न आहे. राहुरीचा." तिचा मला इतका अभिमान वाटला की मी तिला लगेच अभ्यासाला बसवलं.

केक हे माझं खातं. माझं माहेर भिंगारचं, बाजारपेठेतलं. दिवाळी जवळ आली की आम्ही घरून रवा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचो आणि भट्टीवर नानकटाई भाजून घ्यायचो. भट्टीतला आपला पत्रा कोणता हे विसरू नये म्हणून आई एका नानकटाईवर बोटानं खळगा करायची. त्या भट्टीच्या दारातून येणारा वास माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. ऑफिसात कुणी केक कापला की मी नाक मुरडते, ते त्या वासामुळे. ओव्हन घेतल्यापासून मी दर रविवारी काहीतरी भाजते. नवऱ्याचं पोट सुटलं आहे त्याला मी जबाबदार आहे असं तो म्हणतो, आणि दुसरा तुकडाही मागतो.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मी आबांना म्हणाले, "आबा, बिल्डिंगमध्ये तेवढं सांगून याल का? उद्या संध्याकाळी पोरांना पाठवा म्हणावं." त्यांचे पाय मोकळे होतील, चार माणसांशी बोलणं होईल, एवढाच माझा हिशेब होता. आबांनी दुपारी पुन्हा अंघोळ केली. धुतलेलं धोतर नेसले, कप्प्यातली टोपी काढून घातली आणि निघाले. लिफ्ट सोडून जिन्यानं गेले. बऱ्याच वेळानं परत आले ते खुशीत होते. सगळ्यांना सांगून आलो, म्हणाले. मी तेव्हा ओव्हनपुढे उकिडवी बसले होते आणि काय सांगून आलात हे विचारायचं मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली होती. दुपारी दाराची बेल वाजली. दारात पहिल्या मजल्यावरच्या सुभेदारकाकू. सुभेदारकाका फौजेतून निवृत्त झालेले, मुलगा परदेशात, दोघंच राहायची. जिन्यात भेटलो तर हसायचं, एवढीच आमची ओळख. आज काकूंनी पदर खोचला होता, एका हातात पोळपाट आणि दुसऱ्या हातात लाटणं.

"म्हटलं, हात लावायला यावं," काकू म्हणाल्या. "एवढ्या माणसांच्या पुऱ्या एकटीनं कशा होणार तुझ्या?"

"कसल्या पुऱ्या, काकू?"

"अगं, आबा सांगून गेलेत ना. चूलबंद आहे म्हणून."

मी शहरात वाढलेली. मला हा शब्द काकूंनी समजावून सांगितला. गावाकडे आवतण दोन तऱ्हेचं असतं. घरटी एक, म्हणजे घरातल्या एकानं यायचं. आणि चूलबंद, म्हणजे घरात त्या दिवशी चूलच पेटवायची नाही. म्हातारी माणसं, लेकरंबाळं, आलेला पाहुणा, सगळ्यांनी जेवायलाच यायचं. आबांनी अख्ख्या बिल्डिंगला, दारोदार जाऊन, चूलबंद सांगितलं होतं. आणि माझ्याकडे होता पोरांपुरता एक केक, वेफर्स आणि सरबत.

डोक्यात सणकन तिडीक गेली. काकूंना खुर्ची देऊन मी हॉलमध्ये गेले. आबा पताकांच्या दोरीला गोंडे बांधत होते, शेजारी लेक.

"आबा, मी पोरांना बोलवायला सांगितलं होतं!"

"पोरान्लाच बोलावतेत व्हय कुठं?" आबा म्हणाले. "आन आईबापांनी घरी बसून वास घ्यायचा?"

"अहो, पण इतक्या माणसांना जेवायला काय घालू मी? मला एका शब्दानं विचारायचं तरी!"

त्यांनी हातातला गोंडा खाली ठेवला. इतक्या महिन्यांत मी त्यांच्याशी कधी अशा आवाजात बोलले नव्हते. ते रागावले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, "चुकलं असंल, सूनबाई. आमच्याकडं घरात कार्य असलं की चूलबंदच असतंय, मला दुसरं म्हाईतच न्हाई. आन जायच्या आदी मला एकदा बघायचं हुतं, आपुन सांगितलं तर हितं कुनी येतं का. न्हाई आलं तरी चालंल. मंग मी बिनघोर जाईन."

मला रडू आलं. राग आला होता तोही खरा होता आणि रडू आलं तेही खरं होतं. कुणीच आलं नाही तर हा माणूस उद्या सकाळी पिशवी उचलणार आणि धुळीच्या शेगडीपाशी जाऊन बसणार, हे मला लख्ख दिसलं. म्हणजे आता केक नुसता फुगून चालणार नव्हता, माणसं यायला हवी होती. आणि आली तर ती उपाशी जाता कामा नये.

मी स्वयंपाकघरात परत आले आणि काकूंना म्हणाले, "काकू, मला काहीही येत नाही. शंभरेक पुऱ्या म्हणजे किती कणीक, हेसुद्धा माहीत नाही."

"मला येतं," काकू म्हणाल्या. "पारनेरकडची आहे मी. आधी मोठं पातेलं बघ."

थोड्या वेळानं समोरच्या फ्लॅटमधली वहिनी डोकावली. तिच्याही हातात लाटणं. तिचं माहेर पाथर्डीकडचं. मग वरच्या मजल्यावरच्या दोघी आल्या, एक शेवगावची, एक श्रीगोंद्याची. इतकी वर्षं आम्ही एकमेकींच्या दारावरच्या पाट्या वाचत होतो, आणि प्रत्येकीच्या डोक्यात चूलबंद म्हणजे काय हे पक्कं बसलेलं होतं. चूलबंद आहे त्या घरी शेजारणीनं लाटणं घेऊन जायचं, हेही त्याच्यातच येतं म्हणे. वरच्या शेवगावच्या वहिनी तर म्हणाल्या, "लग्नानंतर कुणी असं दारात येऊन सांगितलंच नव्हतं. सगळं आपलं मोबाईलवर." आणि पुऱ्यांची कणीक त्यांनी माझ्या हातातून ओढूनच घेतली.

मसालेभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या आणि मठ्ठा असं ठरलं. नवऱ्याला फोन करून बोलावलं. त्यानं सगळं ऐकलं, एकदा "आबा पण ना!" म्हणाला आणि मठ्ठ्याचं दही आणायला गेला. उरला केक. तो आता सगळ्यांना पुरायला हवा होता आणि ओव्हन माझा एकच. मग तीन घरचे कुकर आले. शिट्टी काढली, रिंग काढली, तळाशी मीठ पसरलं, त्यावर वाटी उपडी घातली आणि वर केकचा डबा. मैदा पुरेना, कारण पहिला डबा युनिकॉर्नच्या अंगाला लागला होता. मी कणीक आणि गूळ घेऊन केक केले. वेलदोड्याचा आणि भाजलेल्या गुळाचा वास जिन्यातून खाली गेला. मला तो माझ्या भिंगारच्या भट्टीच्या जवळचा वाटला.

हॉल पुरणार नाही म्हणून सगळं खाली पार्किंगमध्ये न्यायचं ठरलं. गाड्या बाहेर काढल्या. आबा आणि लेकीनं खांबाखांबाला पताका बांधल्या, प्रत्येक पताकेला गोंडा. युनिकॉर्न मधल्या खांबाला टेकवून उभा केला. खऱ्या केकवर मी आईस्क्रीमच्या कोनाचं शिंग बसवलं होतं. त्याच्या बुडाशी आबांनी एक गोंडा आणून ठेवला. मी तो काढला. जरा वेळानं बघते तर गोंडा परत जागेवर.

संध्याकाळ झाली. लेकीच्या शाळेतल्या मैत्रिणी स्कूटरवरून येऊन उतरल्या. त्यांनी युनिकॉर्न बघितला, एकीनं विचारलं, "हा बैल आहे का?" लेक म्हणाली, "हा राहुरीचा आहे," आणि मग सगळ्या त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायला लागल्या.

पण बिल्डिंगमधलं कुणी खाली उतरेना. ज्या बायका दुपारभर राबल्या होत्या त्या साड्या बदलायला वर गेल्या होत्या. पुरुष तर कुणीच दिसत नव्हते. आबा प्लास्टिकच्या खुर्चीत टोपी घालून बसले होते, नजर लिफ्टच्या दाराकडे. लिफ्ट वर जायची, खाली यायची, त्यातून एखादा कुरिअरवाला बाहेर पडायचा. मी मठ्ठा ढवळत होते. नवरा उगीचच खुर्च्या सरळ करत होता.

"कामाची मानसं हायेत," आबा मला म्हणाले. "कुनाकुनाला यळ मिळनार?"

ते मला समजावत होते की स्वतःला, कोण जाणे. मला त्या क्षणी सगळ्या बिल्डिंगचा राग आला.

मग जिन्यात भांड्यांचा आवाज झाला. सुभेदारकाका खाली उतरले. इस्त्रीचा शर्ट, छातीशी धरलेलं स्टीलचं ताट आणि त्यावर पाण्यानं भरलेला तांब्या. गावजेवणाला जाताना आपलं ताट-तांब्या आपण न्यायचं, ही चाल मी फक्त ऐकली होती. काका सरळ आबांसमोर येऊन उभे राहिले.

"आबा, चूलबंद केलीय बरं का," काका म्हणाले. "सकाळपासून पोटात कावळे ओरडताहेत. बसू कुठं?"

आबा उठून उभे राहिले. त्यांनी काकांच्या हातातला तांब्या घेतला आणि त्यांचा हात धरून त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं.

त्यांच्यामागून माणसं उतरायला लागली. समोरच्या फ्लॅटमधले सगळे, त्यांच्याकडे आलेला पाहुणाही. वरच्या मजल्यावरचे, ज्यांना मी फक्त हेल्मेटमध्ये बघितलं होतं. एक आजी काठी टेकत आल्या, त्यांचं ताट नातवानं धरलेलं. बहुतेकांच्या हातात आपापलं ताट होतं. ज्यांना ती चाल माहीत नव्हती, ते दुसऱ्यांची ताटं बघून परत वर पळाले. लिफ्टमधून ताटांचा खणखणाट यायला लागला आणि सगळे हसायला लागले. प्रत्येक जण आबांना भेटूनच पुढे जात होता, कारण आवतण त्यांचं होतं.

औक्षण झालं, केक कापला. एवढ्या माणसांना सुरीनं कसा पुरवणार? आबांनी गोंड्याचा उरलेला दोरा पुढे केला. मी ताणून धरला आणि वड्या पाडल्या. युनिकॉर्नचा केक, गुळाचे केक, सगळ्यांच्या एकसारख्या लहान वड्या झाल्या आणि भाताशेजारी एकेक वाढली. सुभेदारकाकांना साखर वर्ज्य होती. काकूंनी डोळे वटारले, तरी त्यांनी वडी खाल्ली आणि दुसरी मागितली. आबा कमरेला पंचा बांधून वाढायला हिंडत होते. "घ्या वो, लाजू नका. घरी चूल न्हाई आज," असं प्रत्येकाला म्हणत होते. लेक त्यांच्या मागे मीठ घेऊन फिरत होती. मी नवऱ्याकडे बघितलं तर तो खांबाआड जाऊन डोळे पुसत होता.

दुसऱ्या दिवशी आबा गेले नाहीत. पताका सोडवायच्या होत्या. त्यानंतर काकांनी त्यांना सकाळी फिरायला बोलावलं. मग काकांचा गुडघा दुखायला लागला, मग आणखी काही. पण पिशवी खिळ्यालाच होती आणि "पुढल्या आठवड्यात जातो" हे चालूच होतं. आम्ही कुणी तो विषय काढत नव्हतो.

दिवाळीनंतर सुभेदारकाका गेले. सकाळी आबांबरोबर फिरून आले, पेपर हातात घेतला आणि खुर्चीतच संपले. काकूंची हाक ऐकून सगळ्यांत आधी आबा धावले. मुलगा परदेशात, तो पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडणार होता. आबांनी दारोदार जाऊन निरोप दिले, त्याच जिन्यानं. मग वर आले, खिळ्यावरची पिशवी काढली, त्यातले सगळे कपडे कॉटवर उपडे केले आणि रिकामी पिशवी घेऊन तिरडीचं सामान आणायला बाजारात गेले. मुलगा आल्यावर काकांना नेलं. खांदा द्यायला बिल्डिंगमधले सगळे पुरुष होते, आळीपाळीनं द्यावा लागला. त्या दिवशी काकूंच्या घरी चूल पेटायची नव्हती. मी पिठलं-भाकरी केली आणि आबा तो दुखवट्याचा कडू घास खाली घेऊन गेले. काकूंसमोर बसून त्यांनी चार घास त्यांना खायला लावले.

कॉटवरच्या कपड्यांच्या घड्या मी घातल्या आणि कप्प्यात ठेवल्या. आबांनी ते बघितलं. ती पिशवी आता भाजी आणायला वापरतात.

मुलगा काकूंना घेऊन जायला तयार होता, त्या गेल्या नाहीत. दार लावून राहायला लागल्या. कुकरची शिट्टी ऐकू येईना. मी कधी डबा दिला तर तो धुऊन, आत नुसती साखर घालून परत यायचा, घरात शिजवलेलं काही नसायचं.

यंदा लेकीला डायनासोर हवा होता. आबांनी चित्र बघून विचारलं, "शिंगं किती?" ती म्हणाली, तीन. "तीन! मंग लई बेगड लागंल," आबा म्हणाले आणि मी मैद्याचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. वशिंड याही जनावराला होतं. आदल्या दिवशी आबा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून आवतणाला निघाले. या वेळी मी त्यांच्याबरोबर गेले. पहिल्या मजल्यावर काकूंनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत.

"उंद्या आमच्याकडं चूलबंद हाय," आबा म्हणाले.

काकू कसनुसं हसल्या. "आबा, तुम्ही या घरात कशाला सांगता? माझ्या एकटीची कसली चूल?"

मी आबांकडे बघितलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"मीबी आसंच म्हनायचो," आबा म्हणाले. "एकटीची आसली तरी चूल ती चूलच. आज पेटवा. मंग उंद्या बंद ठिवा."

काकूंनी मान हलवली आणि दार लावून घेतलं. आम्ही वर निघालो, दारोदार थांबून बोलताना बराच वेळ गेला. जिन्याच्या वळणावर आबा थांबले, त्यांना दम लागला होता. खाली काकूंच्या घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली. आबांनी टोपी नीट बसवली, उरलेल्या पायऱ्या चढले आणि पुढच्या दाराची बेल वाजवली.